केंद्रे मोजता, पण विजेचा साठा कोठे आहे?

मा. संपादक यांस,


राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचा जो संकल्प आहे, त्याचे कौतुक आपल्या अंकात वाचले. परंतु केंद्र म्हणजे रस्त्याकडेला यंत्र रोवून वर फलक लावणे, अशी जी समजूत संबंधितांनी करून घेतली आहे, तिचे फळ मुंबई-गोवा महामार्गावरील महाड-पोलादपूरच्या टापूत गणपतीसाठी निघालेले चाकरमानी या आठवड्यात भोगत होते. एका केंद्रावर तिन्हीसांजेला दोन गाड्या एकदम जोडल्या की शेजारच्या गिरणीचा पट्टा मंदावे, दिवे पिवळे पडत आणि थोड्याच वेळात यंत्रही बंद पडे. मागच्या गाड्यांतून मखराचे सामान मांडीवर घेतलेली माणसे पावसात ताटकळत बसलेली.

दोष त्या यंत्राचा नव्हे. जलद चार्जिंगचे एक यंत्र 60 किलोवॅट ओढते, आणि खेड्यातले रोहित्र पुष्कळदा 63 केव्हीएचे असते. म्हणजे एकाच मोटारीने अख्ख्या वाडीची वीज गिळावी असा हा व्यवहार आहे. स्वतंत्र रोहित्र दिले तरी वरची 11 केव्हीची वाहिनी तीच, आणि पावसाळ्यात फांदी पडली की तीही अंधारात. म्हणून केंद्रापाशीच बॅटऱ्यांचा साठा हवा. 200 युनिटांचा साठा अवघ्या 20 किलोवॅटने, दुपारच्या मुबलक सौर विजेवर आणि मध्यरात्रीनंतर मिळून दहा-अकरा तासांत भरता येतो, आणि ऐन गर्दीत पाच गाड्यांना प्रत्येकी 35 युनिटे सुखाने देता येतात. गिरणीला त्याचा उपसर्गही पोहोचत नाही.

हे तत्त्व आमच्या जिल्ह्याला नवे नाही. भिऱ्याला 1927 पासून वीज निर्माण होते, आणि तेथील 150 मेगावॅटचा उदंचन संच मागणी कमी असता पाणी वर चढवून मागणीच्या वेळी त्याची वीज करतो. मुंबईच्या सायंकाळसाठी रायगडच्या डोंगरात जी तजवीज होऊ शकते, ती रायगडच्याच महामार्गासाठी का होऊ नये?

हायड्रोजनचे दाखले देऊन हा प्रश्न लांबणीवर टाकू नये. पुणे-मुंबई मार्गावर त्याच्या वाहनांचे प्रयोग अवश्य व्हावेत, अवजड मालमोटारींना तो उपकारकही ठरेल. पण तो वायू प्रचंड दाबाखाली साठवावा लागतो, आणि तशी टाकी आमच्याकडे येईतो गणपती काही थांबणार नाहीत. ज्या रस्त्याचे चौपदरीकरण 2011 पासून रखडत आले, त्यावरच्या प्रवाशाला आणखी किती धीर धरायला सांगायचे?

साठ्याची तरतूद नसलेल्या जलद केंद्राला यापुढे या महामार्गावर परवाना देऊ नये, आणि त्या बॅटऱ्यांचा चौथरा 22 जुलै 2021 च्या पुराच्या पातळीहून उंच असावा, एवढी दुरुस्ती सरकारने पुढील पावसाळ्यापूर्वी अमलात आणावी.

आपला,
एक वाचक
सव, ता. महाड, जि. रायगड