मांजरीची लूत आणि आपली तेले

औषधालयात येणारे गिऱ्हाईक विचारते, "वाड्यातल्या मांजरीला लूत लागलीय, काही लावायला द्या." आपण करंजतेल देतो, कुणी गंधकाचे मलम देतो, कुणी कापूर घातलेले कडुनिंबतेल. माणसाच्या पामेवर जे चालते ते मांजरीलाही चालेल, असा त्यामागील हिशेब. तो चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मांजर अंगाला लागलेले सर्व काही चाटते. म्हणजे तिचा बाह्योपचार हा आभ्यंतर उपचारच ठरतो, आणि तोही मात्रेवाचून. शिवाय तिच्या यकृतात ग्लुक्युरोनाइड संयोगाची क्षमता अत्यंत क्षीण असल्याने फिनॉलवर्गी द्रव्ये व सुगंधी तेले तिला बाधतात. माणसाच्या खरजेसाठी मिळणारे परमेथ्रिन मलम तर तिला कंप व आक्षेप आणून मारू शकते. अश्वांसाठी शालिहोत्र, गजांसाठी पालकाप्य अशी वेगळी परंपरा ज्यांनी उभारली, त्यांच्या वारसांनी सर्व प्राण्यांना एकच बाटली द्यावी, हे शोभत नाही.

गंधकाविषयी आमची तक्रार नाही. चुना व गंधकाचे विरल द्रावण पशुवैद्यही योजतात. परंतु आठवड्यागणिक, आणि वाळेपर्यंत चाटू न देता. पाळलेल्या मांजरीचे ते जमेल. हात लावताच ओरबाडणाऱ्या भटकीला कोण न्हाऊ घालणार?

ही लूत नोटोएड्रिस या सूक्ष्म किडीमुळे होते. कानांच्या कडांवर खपल्या धरतात, मग तोंड व मान. उपेक्षा झाल्यास मांजर खंगून मरते. भटक्या मांजरीसाठी पशुवैद्याने वजनाच्या अंदाजाने दिलेले सेलामेक्टिनचे थेंब सोयीचे. रोज एकाच वेळी, एकाच जागी खाऊ घालावे. ती खाण्यात गुंतली की मानेमागचे केस दुभंगून थेंब त्वचेवर सोडावेत. पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे महिन्याने पुन्हा. जी जवळच येत नाही तिच्यासाठी सापळा-पिंजरा. सोबतच्या मांजरींनाही औषध हवे, नाहीतर लूत फिरून येते.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यांचे क्षेत्र आहे. तेव्हा व्यवसायबंधूंनी गल्ल्याशेजारी जवळच्या पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक लावावा. गिऱ्हाइकाला हेही सांगावे, की मांजर चावली वा ओरबाडली तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालय गाठावे.