बैलाला वशिंड हवें

कोणत्याही छंदाची परीक्षा त्याला लागणाऱ्या वेळावरून किंवा पैशांवरून करूं नये. तो माणसाला कोणते प्रश्न विचारावयास लावतो यावरून करावी, असें आमचें मत आहे. हें सांगावयाचें कारण असें कीं, आमच्या एका जुन्या वाचकांनीं या सदराकडे एक घरगुती तक्रार धाडली आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव पदवीच्या वर्गांत शिकतात. अभ्यासांत मागें नाहींत. परंतु रात्रीं जेवणें आटोपलीं कीं ते पाट पुढें ओढून बसतात, बोटाच्या पेराएवढ्या शिपायांचीं डोकीं कापतात, तेथें दुसरीं बसवितात, त्यांस रंग देतात, आणि रविवारीं मित्रांना बोलावून तीं सैन्यें टेबलावर मांडून फांशांच्या आधारें लढाई खेळतात. आजोबांना यांत पैशाचा नाश दिसतो, आत्याबाईंना पोरकटपणा दिसतो आणि मातुःश्रींना चाकूची धास्ती वाटते. हा नाद मोडावा कीं चालूं द्यावा, असा वडिलांचा प्रश्न आहे.

पोरकटपणाचा आक्षेप आधीं घेऊं. ही क्रीडा मुळांत मुलांची नव्हेच. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्स नांवाच्या लेफ्टनंटानें नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळण्याचे नियम १८२४ सालीं प्रसिद्ध केले, आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं प्रशियन सैन्यानें ते स्वीकारले. त्या ठोकळ्यांना नाकडोळे नव्हते. पुढें लंडनच्या ब्रिटन कारखान्यानें १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतावयास आरंभ केला. भरीव शिपायांपेक्षां ते हलके व स्वस्त असत. त्यामुळें ते सामान्य इंग्रज घरांतही शिरले. एच्. जी. वेल्स या विख्यात कादंबरीकारानें असलेच शिपाई आणि लांकडी गोळे उडविणाऱ्या खेळण्यांतल्या तोफा घेऊन जमिनीवर खेळण्याच्या लढाईचे नियम बसविले, व १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें पुस्तक लिहिलें. त्या वेळीं तो सेहेचाळीस वर्षांचा होता. खरें युद्ध केवढें अनर्थकारक व मूर्खपणाचें असतें, हें कळावयास असलें खोटें युद्ध पुरेसें आहे, असा त्या पुस्तकाचा शेवटचा अभिप्राय आहे. पुढच्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें.

वेल्सचे शिपाई दुकानांतून येत. मग आमच्या पत्रलेखकांच्या चिरंजिवांना चाकू कां लागतो? याचें उत्तर सोपें आहे. दुकानदार जें खपतें तेंच ठेवतो, आणि इतिहास मात्र दुकानदाराच्या सोयीनें घडलेला नाहीं. इंग्लंडांत एअरफिक्स कंपनीनें १९५९ पासून सुमारें इंचभर उंचीच्या मऊ प्लॅस्टिकच्या शिपायांच्या स्वस्त पेट्या विकावयास आरंभ केला, आणि १९६२ सालीं डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानें हा खेळ प्रौढांत पुष्कळ पसरविला. पेट्यांचे प्रकार थोडे आणि खेळणाऱ्यांच्या इच्छा अनंत, अशी तेव्हांची स्थिति होती. तेव्हां एका पेटींतील धड, दुसऱ्या पेटींतील डोकें आणि तिसऱ्या पेटींतील घोडा, असें जुळवून लोक तिसऱ्याच शतकाचें सैन्य उभें करूं लागले. तें प्लॅस्टिक तेलकट असे. साबणानें धुतल्यावांचून त्यावर रंग टिकत नसे, आणि डिंक तर धरीतच नसे. म्हणून टांचणीचा तुकडा तापवून तो मानेंतून धडांत घालीत. आज धातूचे व कठीण प्लॅस्टिकचे शिपाई पुष्कळ निघाले आहेत, तरी हवा तो शिपाई न मिळण्याचा योग अजून संपलेला नाहीं.

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली केवळ रंगाची: तोच शिपाई, पण पोशाखाचा रंग बदलून दुसऱ्या पलटणीचा केलेला. दुसरी पायरी अवयव बदलण्याची. कापलेल्या जागीं बारीक गिरमिटानें भोंक पाडून पितळी तारेची खुंटी बसवितात व फेविक्विकचा थेंब देऊन नवें डोकें किंवा हात जोडतात. भाल्यासाठीं तार चालते, पट्ट्यांसाठीं कागदाच्या चिंधोट्या, निशाणासाठीं टूथपेस्टच्या नळीचा पत्रा. तिसरी पायरी म्हणजे मूळापासून घडविणें. तारेचा सांगाडा वांकवून त्यावर दोन भाग मिसळून मळावयाची लांबी चढवितात. नळाची गळती बंद करण्यास आपण जें एम-सील वापरतों, त्याच्याच जातीची पण अधिक चिवट अशी ही लांबी असते. पिवळा व निळा भाग मळला कीं ती हिरवी होते, तासदीड तास हाताखालीं राहते आणि दुसऱ्या दिवशीं घट्ट होते. आधीं हाडें, तीं वाळल्यावर मांस, आणि शेवटीं वस्त्र, हा क्रम मोडूं नये. पागोटें करावयाचें तर डोक्यावर गोळा थापून चालत नाहीं. लांबीची सुतासारखी वळी करून ती खऱ्या पागोट्याप्रमाणेंच पीळ देऊन गुंडाळावी लागते. हत्यार म्हणाल तर एक सुई आणि दांतकोरणें, पाण्यांत बुडवून वापरलेलें.

येथवर झाली ती कारागिरी. आतां ती कोणते प्रश्न विचारावयास लावते तें पाहूं, आणि उदाहरण आपल्याच मुलखांतलें घेऊं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांत, केळणा नदीच्या कांठीं असई येथें दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें ही लढाई टेबलावर मांडावयाचें मनांत आणलें. मराठी फौज म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढें ढाल-तलवारीचा मावळा किंवा भालाईत स्वार उभा राहतो. दिवाळींतील किल्ल्यावर आपण तेच मांडीत आलों आहों. परंतु तेवढेच मांडले तर असईची लढाई अर्धी नाहींशी होते. शिंद्यांचें त्या दिवशींचें खरें बळ कवाइती पायदळ आणि तोफखाना यांत होतें. महादजींच्या अमदानींत डी बॉयन या सॅव्हॉयकडील सेनानीनें या पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठीं आग्र्यास बंदुका व तोफा तयार होऊं लागल्या. चारचौघांच्या टोळक्यास आपण आज थट्टेनें कंपू म्हणतों, तो शब्द याच फौजांचा. असईच्या दिवशीं या पायदळावर पोलमन नांवाचा हॅनोव्हरचा जर्मन अधिकारी होता, आणि त्याच्या हाताखालीं दहा हजारांहून अधिक शिपाई संगिनी लावून उभे होते. टेबलावरचा एक शिपाई वीस माणसांच्या जागीं धरला तरी असे पांचशें हवेत. ते दुकानांत न मिळाले तर कंपनी सरकारचा शिपाई घ्यावयाचा, त्याची टोपी उतरावयाची आणि पागोटें चढवावयाचें. पागोटें चढवितांना त्या विद्यार्थ्याच्या मनांत जो विचार येतो, कीं बंदूक तीच, कवाईत तीच, उभें राहण्याची रीति तीच, मग फरक काय होता आणि हार कां झाली, तो विचार सनावळी पाठ करणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं.

यापुढें प्रश्न बैलांचा. विलायती कारखाने तोफेला घोडे जुंपून देतात. असईला तोफा बैलांनीं ओढल्या. वेलस्लीच्या तोफांचे बैल मराठ्यांच्या माऱ्यानें इतके पडले कीं, त्या तोफा मागें टाकून त्याला पायदळ पुढें न्यावें लागलें. म्हणजे बैल हा येथें शोभेचा प्राणी नव्हे. त्याच्या मरण्यानें लढाईची दिशा बदलली. परंतु बैल शोधावयास जावें तर विलायती गोठ्यांतले मिळतात: सपाट पाठीचे, आंखूड शिंगांचे. त्यांवर लांबीचें वशिंड चढवावें लागतें, गळ्याखालीं पोळी सोडावी लागते, तारेचीं शिंगें लावावीं लागतात. पोळ्याला ज्या घरांत मातीचे बैल पूजिले जातात त्या घरांतल्या मुलाला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. मोठमोठीं पुस्तकें चाळलेल्या परदेशी कारागिराला जें सुचणार नाहीं, तें त्याच्या बोटांना ठाऊक असतें.

आणि तिसरा प्रश्न गोलंदाजांचा. इंग्रजांचें पायदळ तोफांवरून पुढें निघून गेल्यावर मेल्याचें सोंग करून पडलेले कांहीं गोलंदाज उठले, आणि त्यांनीं तोफा फिरवून त्याच पायदळाच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला मागें वळून त्या तोफा दुसऱ्यांदां घ्याव्या लागल्या. त्या दिवशीं त्याच्या बाजूचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं वा घायाळ झालीं. मेलेले शिपाई दुकानांत मिळतात, लढणारेही मिळतात. मेल्याचें सोंग घेतलेला आणि चाकाच्या आडून पाहणारा गोलंदाज कोणी ओतून ठेवलेला नसतो. त्याचा गुडघा किती दुमडावा, हात तोफेपासून किती दूर असावा, हें ठरवितांना त्या अनामिक माणसाच्या धैर्याचा जो अंदाज येतो, तो आम्हांला या सर्व उद्योगाचें मोल वाटतो. अशांचीं नांवें इतिहासानें ठेवलीं नाहींत. त्यांना निदान एक देह तरी मिळावा.

असल्या चिमुकल्या शिपायांचें वजन केवढें असतें, याविषयीं विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत पितापुत्रांनीं दोघांनींही वाचण्याजोगी आहे. असईचा वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लू येथें ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याच्या साह्यानें त्यानें नेपोलियनचा पराभव केला. त्या रणभूमीची प्रतिकृति करण्याचें काम १८३० सालीं सायबोर्नकडे आलें. तो स्वतः त्या लढाईंत नव्हता. म्हणून रणभूमीवरील एका शेतवाडींत आठ महिने राहून त्यानें जमीन मोजली, आणि हयात अधिकाऱ्यांस पत्रें लिहून विचारलें कीं, सायंकाळीं सातच्या सुमारास तुमची तुकडी कोठें होती, समोर शत्रु कोणता होता, शेतांत पीक कोणतें होतें. शेंकडों उत्तरें आलीं. मध्यंतरीं, १८३३ सालीं, सरकारनें पैसा थांबविला. तरी त्यानें पदरचा पैसा घालून व कर्ज काढून काम पुरें केलें. नखाएवढे सत्तर हजारांहून अधिक शिपाई मांडून ती प्रतिकृति १८३८ सालीं लंडनमध्यें लोकांपुढें आली. त्या घटकेस प्रशियन सैन्य जितकें पुढें आलें होतें असें पुराव्यावरून त्याला वाटलें, तितकें त्यानें दाखविलें होतें. वेलिंग्टनच्या गोटांत तें रुचलें नाहीं, कारण त्यामुळें विजयाला वांटेकरी उत्पन्न होत होता. पाहणाऱ्यांची गर्दी झाली, कर्ज मात्र फिटलें नाहीं; आणि अखेर त्यानें पुष्कळ प्रशियन शिपाई उचलून घेतले. तो १८४९ सालीं वारला. प्रतिकृति आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्यें आहे. ज्या पत्रांच्या आधारें त्यानें ते शिपाई मांडले होते, त्यांतील निवडक पत्रें त्याच्या मुलानें १८९१ सालीं छापलीं. शिपाई उचलतां आले, पत्रें उरलीं. बलाढ्य माणसांना ज्या शिपायांची अडचण व्हावी, त्यांस बाहुल्या म्हणणें आम्हांला प्रशस्त वाटत नाहीं.

आतां आजोबांचा व मातुःश्रींचा आक्षेप. पैशाविषयीं आजोबांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. या छंदांत रंगविलेल्या शिपायांपेक्षां न उघडलेल्या पेट्या अधिक होतात, असा सर्वत्र अनुभव आहे. तेव्हां मासिक खर्चाला मर्यादा घालावी, आणि हातांतली तुकडी पुरी झाल्यावांचून नवी आणूं नये. मोडतोड करून नवें घडविणाऱ्याला हा नियम जड जात नाहीं. त्याला घरांतली तार आणि टांचण्याच पुष्कळ होतात. चाकूविषयीं मातुःश्रींची धास्तीही रास्तच आहे. पातें धारदारच असावें, कारण बोथट पातें निसटतें. कापतांना तें अंगापासून दूर चालवावें. जुने शिशाचे शिपाई कानशीनें घासूं नयेत, व घरांत शिसें वितळविण्याच्या भरीस तर मुळींच पडूं नये. त्याची भुकटी व धूर विषारी असतो. लांबी मळतांना हातमोजे घालावे, आणि स्वयंपाकघरांतील पाटा, चमचा, वाटी यांतील कांहींही या कामास घेऊं नये. पाट घेतला असेल तर तो परत जेवणाच्या पंक्तीस येऊं नये.

पत्रलेखकांस आमचा सल्ला असा: नाद मोडूं नका, परंतु त्याला एक वही जोडा. प्रत्येक शिपायामागें एक पान ठेवावें. एका बाजूस काय बदललें तें, आणि दुसऱ्या बाजूस तसें कां बदललें त्याचा आधार, म्हणजे ग्रंथ, चित्र, संग्रहालयांतील वस्तु, जो असेल तो. आधार नसेल तेथें ‘कल्पना’ असें प्रामाणिकपणें लिहावें. मग एखाद्या रविवारीं आजोबांनीं जवळ बसून वही उघडावी आणि विचारावें, हें पागोटें असेंच कां? चिरंजिवांस उत्तर देतां आलें तर तो छंद घरांत मानानें राहूं द्यावा. न आलें तर पुस्तक आणून द्यावें. आत्याबाईंनीं बैलांकडे पाहावें. पोळ्याचे बैल वर्षानुवर्षें त्यांच्या हातचे असतील, तर वशिंड कोठें चुकलें तें त्यांच्याइतकें दुसरें कोणी सांगूं शकणार नाहीं.

रंग देण्याचा विषय स्वतंत्र व विस्तृत आहे. तो पुढील अंकासाठीं राखून ठेवतों.