आधी हवा, मग मशीन!

'प्लाझ्मा कटर घ्यायचाय, किती अँपिअरचा घेऊ?' हा प्रश्न आपल्या पट्ट्यात, म्हणजे भोसरी-चिखलीपासून पार चाकणपर्यंत, कोणालाही विचारा. उत्तर ठरलेलं. 'घेतोच आहेस तर मोठाच घे, पुढेमागे उपयोगी पडेल!' मित्रांनो, मला हे अजिबात पटत नाही. घरामागच्या शेडमध्ये, सिंगल फेजवर, एकटा माणूस काम करणार असेल तर पहिला कटर ४० अँपिअरच्या आसपासचाच घ्यावा आणि वाचलेले पैसे कंप्रेसरवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा विषय डोक्यात घुसला तो शेजारच्या काकांमुळे. तीस वर्षं टूलरूममध्ये काढून रिटायर झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि आता मोशीत घरामागे पत्र्याची शेड टाकून गेट, ग्रिल, ट्रॉली असली कामं करायची म्हणतायत. फंड एकदाच मिळतो, त्यामुळे इथे चूक परवडणार नाही.

पहिला प्रश्न, गॅस कटर असताना प्लाझ्मा कशाला? गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये चक्क जळतं आणि तयार झालेलं ऑक्साइड स्टीलच्या आधी वितळून वाहून जातं. स्टेनलेसमधलं क्रोमियमचं ऑक्साइड तसं वाहून जात नाही. अ‍ॅल्युमिनियम तर वितळतं ६६० अंशांना आणि त्याचं ऑक्साइड २००० च्याही वर, मग गॅस काय करणार? प्लाझ्मा जाळत बसत नाही. आर्क बारीक नोझलमधून दाबून काढतो, धातू वितळवतो आणि हवेच्या झोताने उडवून देतो. वीज वाहून नेणारा कुठलाही धातू चालतो. शिवाय घराला लागून ऑक्सिजन आणि गॅसचे सिलिंडर ठेवावे लागत नाहीत, हे काकूंच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं!

पण प्रत्येक कामाला प्लाझ्मा लागत नाही, हेही सांगायला हवं. दोन-तीन मिमीच्या पत्र्याचे एकसारखे पन्नास ब्रॅकेट हवे असतील तर भोसरीत लेझर जॉबवर्कवाल्याकडे ड्रॉइंग पाठवा. आमच्या बाहाच्या गाडीचे ब्रॅकेट आम्ही तसेच करून घेतो. गंजलेलं, रंग लावलेलं, जागच्या जागी कापायचं, एकच नग करायचा, अशा कामाला मात्र घरचा प्लाझ्मा हवाच.

आता वीज. ४० अँपिअरच्या कटला टॉर्चकडे साधारण ९६ व्होल्ट धरतात. म्हणजे ३.८ किलोवॅट झाले, मशीनमधला लॉस धरला की साडेचार. २३० व्होल्टवर हे २० अँपिअर, आणि पॉवर फॅक्टर वाईट असेल तर २५ च्याही पुढे. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगचं हे काम नाही, वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी लागणार. हाच हिशोब ६० अँपिअरला करून बघा, सात किलोवॅटच्या वर जातो! त्यात कंप्रेसरची मोटर वेगळीच. आणखी एक, घरगुती मीटरवर धंद्याचं काम करणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये बसू शकतं. जॉब घ्यायचे असतील तर महावितरणकडून आधी तसं कनेक्शन घ्या, मग मशीन बघा.

मशीनवरच्या आकड्यांविषयी काय बोलावं! 'कट २५ मिमी' असं ठळक छापलेलं असतं. तो बहुतेक वेळा कसाबसा तुकडा पाडण्याचा आकडा असतो, स्वच्छ कापाचा नव्हे. चांगल्या ४० अँपिअर मशीनवर मी सुबक कापासाठी १० मिमी धरीन. काकांचं काम ३ ते ८ मिमीचं आहे, मग २५ घेऊन करायचंय काय? आणि ड्यूटी सायकल म्हणजे ड्यूटीवर जायची सायकल नव्हे, बरं का! ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कापा, चार मिनिटं थांबा. ती किती तापमानाला मोजलीय ते विचारा. २५ अंशांना मोजलेला आकडा मे महिन्यात चाकणच्या पत्र्याखाली काही कामाचा नाही, ४० अंशांचा पाहिजे.

पण माझा खरा राग आहे तो हवेला कोणी विचारत नाही याचा. अशा टॉर्चला साधारण ५ बारला ४ ते ६ सीएफएम हवा सतत लागते. कंप्रेसरच्या प्लेटवर बहुधा डिस्प्लेसमेंट लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष मिळणारी हवा बरीच कमी असते. पंक्चरवाल्याकडचा एक एचपीचा कंप्रेसर टायर भरेल, कट पूर्ण होण्याआधी मात्र दम टाकेल. दोन-तीन एचपीचा घ्या आणि 'फ्री एअर डिलिव्हरी किती?' हे तोंडाने विचारा. त्याहून वाईट म्हणजे पाणी. पावसाळ्यात टाकीत कपभर पाणी सहज साचतं. ते टॉर्चपर्यंत पोहोचलं की आर्क भरकटतो, नोझल आणि इलेक्ट्रोड बघता बघता खलास! इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा ठिपका असतो, कारण हवेत टंगस्टन टिकत नाही. त्यात दीड मिमीचा खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदलायचा. कोरडी हवा असेल तर तो बराच टिकतो. म्हणून टाकी रोज ड्रेन करायची आणि टॉर्चच्या आधी वॉटर सेपरेटर बसवायचाच.

याच कारणासाठी मशीन ठरवण्याआधी त्याचं नोझल-इलेक्ट्रोड जवळच्या दुकानात मिळतं का आणि केवढ्याला, ते बघा. स्वस्त मशीन आणि न मिळणारं नोझल याला काही अर्थ नाही. पायलट आर्क असलेलंच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. गंज, रंग, जाळी यावर तो सुखाने चालतो.

काकांसारख्या जुन्या वेल्डरांना हात जोडून एकच सांगणं. वेल्डिंग मशीनचं ओपन सर्किट व्होल्टेज ७०-८०, प्लाझ्माचं २५०-३०० च्या घरात. घामेजल्या हाताने नोझल चाचपायची सवय इथे जिवावर बेतेल. कॅप काढली की सप्लाय तोडणारा टॉर्च घ्या आणि तरीही नोझल बदलताना मेन स्विच बंद. गॅल्व्हनाइज्ड पत्रा तर शेडच्या बाहेरच कापा, झिंकचा धूर थंडी-ताप आणतो.

काका सध्या २ एचपी की ३ यावर अडलेत. काकूंनी मशीनसाठी दसऱ्याचा मुहूर्त धरलाय. तोवर गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे ८ मिमीची गंजकी पट्टी घेऊन जायचं आणि चालू मशीनवर स्वतः कापून बघायचं, असं आमचं ठरलंय.