अंगणात गेलेली शाळा

शाळा उघडली आणि विद्यार्थीच आले नाहीत, तर दोष कोणाचा? अडाणी पालक, उनाड मुले, मागासलेला परिसर ही उत्तरे शिक्षकाच्या हाताशी तयारच असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मात्र हा दोष स्वतःच्या खात्यावर लिहून घेतला, आणि त्यातूनच ‘अंगणवाडी’ जन्माला आली.

ताराबाई उच्चविद्याविभूषित होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले होते. माँटेसरी पद्धतीचा त्यांचा व्यासंग गाढ होता. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई त्यांच्या साथीला आल्या. बालवाडी सुरू झाली. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्या गरीब वस्त्यांतील मुले काही तिकडे फिरकेनात.

मग शाळाच उठून वस्तीत गेली. झोपडीपुढचे अंगण हाच वर्ग झाला. मुलांना न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे, येथून पाठाला आरंभ होई. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. या बदलाचा एक सुंदर परिणाम असा की, या वस्तू मुलांच्या परिचयाच्याच होत्या. हे पान कोणत्या झाडाचे, हे बी कोठे सापडते, हे सांगणारे मूल त्या क्षणापुरते गुरू होते आणि ऐकणारी शिक्षिका शिष्या होते. वर्गातील देवघेव खऱ्या अर्थाने येथे सुरू होते.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात बहरले. तेथे नवी अडचण उभी राहिली. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. गुरे राखणे हा घरच्या पोटापाण्याचा भाग होता. ते सोडून शाळेत या, असे सांगणे म्हणजे घरच्या गरजेकडे पाठ फिरवणे. म्हणून जेथे गुरे चरत, तेथेच शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा.

अनुभवी शिक्षकाची खरी कसोटी येथे लागते. मृदू बोलणे तुलनेने सोपे असते. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने सिद्ध केलेली आपली पद्धत, अक्षरओळखही नसलेल्या मुलाच्या गरजेपुढे बदलणे अवघड असते. या दोघींनी आपले ज्ञान टाकून दिले नाही. त्याला त्या मातीत रुजू दिले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठी ‘अंगणवाडी’ हेच नाव स्वीकारले गेले आणि ते देशभर पोहोचले.

घरोघरी सायंकाळी अभ्यासाला बसलेले मूल कधीतरी म्हणते, ‘‘मला समजले नाही.’’ त्यावर वडीलधारी माणसे बहुधा तेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात पुन्हा उच्चारतात. अशा वेळी क्षणभर थांबून ‘‘तुला यातले काय ठाऊक आहे, ते आधी मला सांग,’’ असे म्हणून पाहावे. मूल सांगू लागते, आणि शाळा त्याच्या अंगणात येते.