आधी व्हर्निअर, मग मोटार

अमेरिकेतल्या रायफल रेंजवर गोळीबार थांबल्याचा इशारा झाला की अनेक नेमबाज वाकून पुंगळ्या वेचू लागतात. काडतूस उडाले की दारू जळते, तिला पेटवणारा प्रायमर निकामी होतो, गोळी टार्गेटमागच्या मातीत रुतते. पितळेची पुंगळी तेवढी शिल्लक राहते. ती घरी न्यायची, साफ करायची, मापात आणायची आणि पुन्हा भरायची, हा तिथला जुना छंद आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो.

या छंदावर मोठा बाजार उभा आहे. कनेक्टिकटमधली लायमन १८७८ पासून, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलची आरसीबीएस १९४३ पासून, विस्कॉन्सिनची ली १९५८ पासून या बाजारात आहे. पुंगळी कापून लांबीत आणायची साधने हाताने फिरवायच्या कटरपासून शेकडो डॉलरच्या मोटारवाल्या यंत्रांपर्यंत मिळतात. नवशिक्याची नजर साहजिकच मोटारीकडे जाते आणि पहिला मोठा खर्च तिथेच होतो. हा खर्च चुकीच्या जागी होतो. वेगाचा विचार नंतर करता येतो. कापलेल्या पुंगळीची लांबी नेमकी कशावरून ठरते, हे हत्यार घेताना आधी विचारले पाहिजे.

पुंगळी लांब होते याचे कारण साधे आहे. तिचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे. स्फोटाच्या दाबाने ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. पुढच्या वेळी भरण्याआधी तिला साइझिंग डायमध्ये दाबून पुन्हा बारीक करतात, तेव्हा पितळ तोंडाच्या दिशेने सरकते. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच धरली आहे आणि कापायची ती २.००५ इंचांवर. .२२३ रेमिंग्टनसाठी हेच आकडे १.७६० आणि १.७५० आहेत. दोन्हीकडे फरक एक शतांश इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. तेवढा हात सोडला आणि पुंगळी कमाल मापाच्या पलीकडे गेली, तर तिचे तोंड चेंबरच्या टोकाशी अडकते, गोळीला आवळून धरते आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो.

म्हणून पहिली खरेदी व्हर्निअरची. चांगला, सहा इंची, शून्यावर नीट बसणारा. आणि मोजायचे ते डायमधून काढल्यानंतर, कारण लांबी तिथेच वाढते. आधी कापून मग डायमध्ये घालणाऱ्याची मेहनत फुकट जाते.

आता हत्यारे. लीच्या साध्या संचात प्रत्येक काडतुसासाठी वेगळी पोलादी पिन असते. ती पुंगळीच्या तळाच्या छिद्रातून जाऊन मागच्या होल्डरला टेकते आणि कटर तिथेच थांबतो. सेटिंग करायचेच नाही, त्यामुळे ते बिघडायचेही नाही. एका पिनेला एकच लांबी, ही तिची मर्यादा. एकाच रायफलीने हरणाची शिकार करणाऱ्याला मात्र तिचा काही त्रास नाही. छोट्या लेथसारख्या यंत्रांत पुंगळीचा तळ पकडतात आणि लांबी हवी तशी लावता येते. मात्र तळाची कड पुंगळीगणिक थोडी वेगळी असते, पकड किंचित तिरकी बसली तर तोंडही तिरके कापले जाते. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमियर गावच्या एल. ई. विल्सनने यावर काढलेला उपाय आजही सर्वांत सरस आहे. तिथे पुंगळी अंगाने एका दंडगोल होल्डरमध्ये बसते, त्यामुळे काप काटकोनात येतो. ज्याला कागदावर एकाच भोकाजवळ सगळ्या गोळ्या हव्यात, त्याने हे घ्यावे आणि सावकाश काम करावे.

मोटारवाली बरीचशी यंत्रे, मग ते जिरो असो किंवा ड्रिल मशीनला लावायचा लिटल क्रोचा कटर, तळ सोडून खांदा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो भाग, धरतात. पुंगळी खांद्यापर्यंत आत ढकलायची, कटर तोंड कापतो. या पद्धतीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. खांदा मागेपुढे झाला की एकूण लांबी बदलते, हा त्यांचा आक्षेप खराही आहे. पण .३०८ किंवा .२२३ सारख्या काडतुसाचा चेंबरमधला थांबा खांद्यावरच असतो. तोंड पुढे अडकेल की नाही हे खांद्यापासून तोंडापर्यंतच्या अंतरावर ठरते, तेव्हा खांदा धरून कापण्यात चूक काही नाही. अट एकच, सगळ्या पुंगळ्या एकाच सेटिंगच्या डायमधून निघालेल्या हव्यात. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला खांदा नसतो, तिथे हे यंत्र निरुपयोगी. तशा पुंगळ्या फारशा लांबतही नाहीत.

कापल्यावर खरे हातकाम सुरू होते. ताज्या कापलेल्या तोंडावरून नख फिरवले की आतबाहेर दोन्हीकडे बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, लागतो. भोसरी किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर उभे राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. फेसिंग झाले की बर काढल्याशिवाय जॉब पुढे जात नाही. इथे तर बाहेरचा बर चेंबरमध्ये घासतो आणि आतला गोळीच्या तांब्याच्या आवरणाला ओरखडे काढतो. बर काढायचे हातातले हत्यार बोटभर असते: एका बाजूला आत घालायचे टोक, दुसऱ्या बाजूला बाहेरून बसणारी पेन्सिलीच्या शार्पनरसारखी पोकळी. दोन-तीन हलके फेरे पुरतात. आतल्या कडेवर बारीक, एकसारखी चकचकीत रेघ दिसली की थांबायचे. हौसेने जोर लावणारे कडेला सुरीची धार आणतात. असे तोंड लवकर चिरते. लांब, मागे निमुळत्या गोळ्या वापरणाऱ्यांनी नेहमीच्या ४५ अंशांऐवजी २८ अंशांच्या आसपासचा अरुंद कोन घ्यावा, गोळी अलगद बसते.

कापणे, आतून आणि बाहेरून बर काढणे ही तिन्ही कामे एकदम करणारे कटर आता मिळतात. चांगले असतात. पण सेटिंग किंचित चुकले तर पाचशे पुंगळ्यांवर तीच चूक उमटते आणि मोटारीच्या आवाजात ती हाताला कळत नाही. सुरुवात हातानेच करावी, याचे सर्वांत मोठे कारण हे.

आणखी एक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. तोंडाशी कापून टाकलेले पितळ पुंगळीच्याच अंगातून आलेले असते, बहुधा तळाजवळच्या भिंतीतून. तिथे ती पातळ होत जाते आणि एक दिवस आडवी तुटते. बारीक तारेचे टोक वाकवून आतल्या भिंतीवरून ओढावे. तळाच्या थोडे वर खाच लागली तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी. पुंगळी किती वेळा कापली याची नोंद डब्यावर ठेवणारा नेमबाज यंत्रावर खर्च करणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित असतो.

मोटार कुणी घ्यावी? ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांची तयारी करणारा नेमबाज .२२३ ची शेकडो काडतुसे उडवतो, त्याने जरूर घ्यावी. संधिवाताने बोटे आखडलेल्यांनीही संकोच करू नये. बाकीच्यांनी एक हंगाम हाताने काम करून मग ठरवावे.

महाराष्ट्रात हा छंद नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले ते .२२ रिमफायरवर, त्या काडतुसात प्रायमरचा मसाला तळाच्या कडेतच असतो, त्यामुळे ते पुन्हा भरायचे नसतेच. आपल्याकडे काडतुसांचे पितळ हाताळले जाते ते अंबरनाथ, वरणगाव, खडकीच्या सरकारी कारखान्यांत. भारतात विनापरवाना काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि त्या कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो बनवायची यंत्रसामग्रीही घेतली आहे. म्हणून टेक्सास-ओहायोत राहून हा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती: सुट्टीला घरी येताना भाच्याला दाखवायला म्हणून एखादी रिकामी पुंगळीसुद्धा बॅगेत आणू नका, आणि रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला घेत असाल तर आधी तिचा कप्पा न् कप्पा झटकून पाहा.