धंदा विकायला काढला, तर आपल्या हातात काय उरते?

आपल्या समाजात धंदा सुरू करण्यावर आता पुष्कळ बोलले जाते. कर्जयोजना, मेळावे, यशोगाथा. धंदा विकण्यावर मात्र आपण बोलत नाही. तीस वर्षे राबून आपण मालमत्ता उभी केली की नुसती मजुरी केली, हे कळते ते विकण्याच्या दिवशीच.

विकत घेणारा आपले कष्ट विकत घेत नाही. उद्या मालक गल्ल्यावर नसला तरी धंदा चालेल का, एवढेच तो पाहतो. म्हणून तो मागील काही वर्षांचे हिशेब आणि विवरणपत्रे मागतो. जागेचा करार, परवाने, नोंदलेले नाव बघतो. कारागीर टिकतील का, सगळी विक्री एकाच व्यापाऱ्यावर तर अवलंबून नाही ना, हे विचारतो. गुडविलची किंमत काढण्याची साधी रीत म्हणजे सरासरी नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणणे. नफाच कागदावर नसेल तर गुणायचे काय?

कोल्हापुरी चप्पल घ्या. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि देशभर गदारोळ झाला. वस्तूची किंमत जगाला कळली. पण ती शिवणाऱ्या चर्मकार कुटुंबाने आपला धंदा विकायला काढला तर? चपलेवर शिक्का दुकानदाराचा, गिऱ्हाईक दुकानदाराचे. घरात उरतात रापी, आरी आणि मोडीच्या भावाचे मशीन.

मानांकनाची नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. हा हक्क कायद्याने विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. ते योग्यच आहे, कारण तो सर्व कारागिरांचा आहे. पण त्याने कलेचे रक्षण होते, एकेका कारागिराच्या धंद्याला किंमत येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी आणि सोबत स्वतःचा ट्रेडमार्कही हवा. ट्रेडमार्क विकता येतो, मुलीच्या नावे करता येतो.

‘तुमच्या लोकांना हिशेब ठेवता येत नाही,’ असे इथे कोणीतरी म्हणेलच. त्यांना आमचा प्रश्न आहे: गुडविल म्हणजे नावावरचा विश्वास ना? मग जिथे आडनाव विचारून विश्वास ठरतो, तिथे आमच्या नावाला किंमत कशी येणार? बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे काय! आजही खानावळ काढणारा आपला माणूस पाटीवर आडनाव लिहिताना दोनदा विचार करतो.

म्हणूनच कागद हे आपले हत्यार आहे. तोंडी विश्वास जात पाहून दिला जातो. नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचे खाते आणि भरलेले विवरणपत्र यांना आडनावामुळे खोटे ठरवता येत नाही. घरखर्च आणि धंदा यांची खाती वेगळी ठेवूया. काम आणखी दोघांना शिकवूया. सोबत राबणाऱ्या बाईचा वाटा भागीदारीपत्रात लिहूया.

पण सगळा भार आपल्यावरच का? केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून 4 टक्के खरेदी ठरलेली आहे. तेवढी मागणी खरोखर आली, तर तीच आपल्या धंद्याच्या किमतीचा लेखी पुरावा ठरेल. संघटनांनी जयंतीच्या मंडपाशेजारी नोंदणीचे टेबल लावावे आणि या 4 टक्क्यांचा हिशेब सरकारला विचारावा.

ज्यांना धर्माच्या नावाने धनसंचयाची बंदी होती, त्यांच्या पुढच्या पिढीला वारशात नुसती रापी मिळू नये. चालता धंदा मिळावा, आणि तो ठेवायचा की विकायचा हे ठरवण्याचा हक्कही.

जय भीम!