घर्षण नगण्य मानू नका!

‘घर्षण व हवेचा रोध नगण्य माना.’ हे वाक्य मीही वर्गात शेकडो वेळा लिहून दिले आहे. मोटारसायकलच्या पेट्रोलमधील जवळजवळ तीनचतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने इंजिनच बाहेर टाकते. उरलेली जाते ती नेमकी या ‘नगण्य’ गोष्टींत!

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला अधिक चेपतो, तेथेही ऊर्जा जाते. आणि ब्रेक? स्वारासह २०० किलोग्रॅमची गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २२,५०० ज्यूल भरते. सिग्नलपाशी ब्रेक दाबला की ती सारी उष्णता होते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल असतात. त्यांतले पावच कामी येतात, हे धरले तर दर थांब्याला जवळजवळ ३ मिलिलिटर पेट्रोल गेले. पुढे तांबडा दिवा दिसत असताना वेग वाढवणारे आमचे विद्यार्थी ‘गाडी अॅव्हरेज देत नाही’ म्हणतात, तेव्हा हसू येते.

हे गणित नववीच्या सूत्रांनी सुटते. परीक्षेत तेच विचारावे, असे माझे मत आहे. उत्तर घरच्या गाडीवर पडताळता येईल.